हिवाळ्यात बसणारी बॅटरी

धाराशिव, मार्गशीर्ष



मोटारसायकलची बॅटरी बसल्याच्या तक्रारी धाराशिव जिल्ह्यात दिवाळीनंतर सुरू होतात आणि संक्रांतीपर्यंत वाढत जातात. बालाघाटाच्या माथ्यावरच्या गावांत डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा दहा-बारा अंशांवर येतो. लाट आली तर त्याच्याही खाली. त्याच वेळी भूम तालुक्यातला शेतकरी खव्याच्या भट्टीवर दूध घालायला निघतो, ऊसतोडीचा मुकादम फडाकडे जायला बाहेर पडतो, आणि बटण दाबले की गाडी नुसती टक् टक् करते. ‘थंडीने बॅटरी मेली’ असे तिथल्या तिथे ठरते आणि नवी बॅटरी बसवली जाते. पंधरा दिवसांनी तीही बसते. गॅरेजात काम शिकणाऱ्याने हा फेरा टाळायचा असेल, तर थंडी बॅटरीचे नेमके काय करते आणि काय करत नाही, एवढे आधी नीट समजून घ्यावे.

१२ व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात. भरलेल्या प्रत्येक सेलचा दाब साधारण २.१ व्होल्ट, म्हणून पूर्ण भरलेली बॅटरी विश्रांतीत १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते. आत शिशाच्या पट्ट्या आणि गंधकाम्ल यांच्यात रासायनिक क्रिया होऊन वीज मिळते, आणि गारव्यात ही क्रिया मंदावते. आपल्याकडे बॅटरीची क्षमता २७ अंश तापमान धरून मोजतात. त्याखाली प्रत्येक अंशाला ढोबळ मानाने एक टक्का क्षमता घटते, असा हिशेब ठेवला तर दहा अंशांवर १५ ते १७ टक्के घट येते. ४ अँपिअर-अवरची बॅटरी त्या पहाटेपुरती सव्वातीन-साडेतीनची होते. त्यातच इंजिनातले ऑइल गारठून घट्ट झालेले असते, त्यामुळे स्टार्टर मोटरला नेहमीपेक्षा जास्त जोर लावावा लागतो. देणारी दुबळी आणि मागणी जास्त, असा दुहेरी ताण पडतो.

तरीही एवढ्या घटीने धडधाकट बॅटरी हार मानत नाही. लडाखात उणे १८ अंशांवर क्षमता निम्म्यावर येते, आणि उतरलेल्या बॅटरीतले पाणी उणे दहाच्या आसपास गोठून डबा फुटू शकतो. धाराशिवची थंडी त्या जातीची नाही. इथे बॅटरीला खरा मार बसतो तो एप्रिल-मेमध्ये, पारा चाळिशीपार गेलेला असताना. उन्हात उभ्या गाडीच्या बॅटरीतले पाणी उडते, पट्ट्यांची जाळी गंजते. २५ अंशांच्या वर सरासरी तापमान दहा अंशांनी वाढले की बॅटरीचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा जुना ठोकताळा आहे. उन्हाळ्यात अर्धी संपलेली बॅटरी पावसाळा कशीबशी काढते, कारण तेव्हा गाडी एका झटक्यात सुरू होते. पहिल्या गारठ्यात तिची पोल उघडी पडते. म्हणून हिवाळ्यातल्या तक्रारीचे मूळ शोधताना थंडीला शेवटचा नंबर द्यावा.

दुसरे मूळ चार्जिंगच्या तुटीत असते. समजा, स्टार्टर ५० अँपिअर ओढतो आणि गारठलेल्या गाडीला तीन-तीन सेकंद पाच वेळा सेल्फ मारावा लागला. खर्च झाला सुमारे ०.२ अँपिअर-अवर. दिवा, हॉर्न आणि इंधन पंप यांचे भागवून बॅटरीच्या वाट्याला अर्धा अँपिअर येत असेल, तर एवढी भरपाई व्हायला २५ मिनिटे हवीत. भरताना होणारी नासाडी वेगळीच. घरापासून डेअरी दोन किलोमीटर असेल तर गाडी चालते पाच मिनिटे. सकाळ-संध्याकाळ असे आठ दिवस गेले की बॅटरी निम्म्यावर येते आणि नवव्या दिवशी थंडीला नावे ठेवली जातात. एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिनाबरोबर कायम चालू राहतो, तेव्हा दिवा बंद ठेवून बचत करण्याची जुनी युक्तीही राहिली नाही. भरीला, गार बॅटरी चार्जही सावकाश घेते. २५ अंशांच्या तुलनेत दहा अंशांवर तिला नीट भरायला ०.३ ते ०.४ व्होल्ट जास्त दाब लागतो. साध्या गाडीचा रेग्युलेटर मात्र बहुधा बाराही महिने एकाच दाबावर बांधलेला असतो.

तपासणीला साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. क्रम मात्र मोडू नये. एक पायरी पुरी झाल्याशिवाय पुढची घेऊ नये.

पहिली पायरी डोळ्यांची. सीट किंवा बाजूचे झाकण काढून टर्मिनल पाहावेत. त्यांवर पांढरी-हिरवट भुकटी साचली असेल, किंवा स्क्रू बोटाने फिरत असेल, तर बऱ्याचदा रोग तिथेच सापडतो. आधी निगेटिव्ह वायर काढावी, मग पॉझिटिव्ह. जोडताना याच्या उलट. पॉझिटिव्ह आधी सोडवायला गेले आणि पाना चॅसिसला टेकला, तर ठिणगी उडून पाना जागीच चिकटतो. कोमट पाण्यात खायचा सोडा कालवून जुन्या ब्रशने टर्मिनल घासावेत, कोरडे करावेत, वायर घट्ट आवळाव्यात आणि वरून व्हॅसलीनचा हात फिरवावा. सोडा सेलच्या आत जाणार नाही याची काळजी घ्यावी. फ्यूज आणि चॅसिसला आलेली अर्थिंगची वायरही याच वेळी पाहावी. अर्थिंगच्या बोल्टखाली गंज असेल तर चांगली बॅटरीही दुबळी वाटते.

दुसरी पायरी विश्रांतीतल्या दाबाची. गाडी रात्रभर, निदान तीन-चार तास बंद असावी. १२.६ किंवा वर म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे पावच उरलेली. चार्ज करूनही आकडा साडेदहाच्या आसपास अडकला, तर सहापैकी एक सेल गेला असे धरावे. गाडी नुकतीच फिरून आली असताना घेतलेला आकडा फसवा असतो. तो वरवरचा दाब काही वेळाने खाली बसतो.

तिसरी पायरी भाराखालच्या दाबाची. मीटर लावलेला ठेवून सेल्फ मारावा. आकडा दहाच्या आसपास किंवा वर टिकला तर बॅटरी सशक्त. विश्रांतीत १२.५ दाखवणारी बॅटरी सेल्फ मारताच आठवर कोसळली, तर तिची क्षमता संपली आहे. तिचा साडेबाराचा आकडा केवळ दिखावा असतो. आकडा दहाच्या वर राहूनही मोटर फिरत नसेल, तर दोष बॅटरीत नसून स्टार्टर रिले, मोटर, तिचे कार्बन किंवा जाड वायर यांत आहे. इथे ग्राहकाला बॅटरी विकणे म्हणजे दात दुखत असताना चष्मा देणे.

चौथी पायरी चार्जिंगची. गाडी सुरू करून बॅटरीच्याच टर्मिनलवर मीटर लावावा आणि इंजिन चार ते पाच हजार फेऱ्यांवर न्यावे. १३.५ ते १४.५ व्होल्ट मिळाले तर चार्जिंग ठीक. १३ च्या खाली राहिले तर बॅटरीला पुरेसे पोचत नाही. १५ च्या वर गेले तर रेग्युलेटर बिघडला आहे. तो बॅटरीतले पाणी आटवतो आणि दिवेही उडवतो. काही गॅरेजांत चालू गाडीची बॅटरी काढून ‘चार्जिंग आहे का’ ते पाहतात, किंवा टर्मिनलवर स्क्रू-ड्रायव्हर घासून ठिणगी पाहतात. दोन्ही खोडी सोडाव्यात. बॅटरी काढल्यावर दाब एकदम उसळतो आणि इंजेक्शनच्या गाडीचा महागडा ईसीयू (इंजिनाचा इलेक्ट्रॉनिक नियंत्रक) क्षणात जळू शकतो. ठिणगीतून तर बॅटरी किती भरली आहे हे काही कळत नाही.

पाचवी पायरी चौथीत खोट आढळली तरच. मॅग्नेट कॉइलकडून येणारा कपलर सोडवावा. तो जळून तपकिरी पडला असेल तर आधी तो बदलावा. थ्री-फेज गाडीत कॉइलच्या तीन वायर असतात, बहुधा पिवळ्या. इंजिन चालू ठेवून दोन-दोन वायरींमधला एसी दाब मोजावा. किती व्होल्ट यावेत हे गाडीगणिक बदलते. पण तिन्ही जोड्यांचे आकडे सारखे हवेत आणि ॲक्सिलरेटरबरोबर चढायला हवेत. एक जोडी मागे राहिली तर कॉइल जळालेली आहे. तिन्ही सारख्या असूनही बॅटरीला चार्ज पोचत नसेल, तर दोष आरआर युनिटमध्ये (रेग्युलेटर-रेक्टिफायर) किंवा मधल्या वायरिंगमध्ये. थ्री-फेज कॉइलची वायर बॉडीशी जुळलेली दिसता कामा नये. काही जुन्या सिंगल-फेज गाड्यांत मात्र कॉइलचे एक टोक मुळातच बॉडीला जोडलेले असते, म्हणून निदान करण्याआधी त्या गाडीचा वायरिंग नकाशा पाहावा.

सहावी पायरी गळतीची. चार्जिंग ठीक, बॅटरीही ठीक, तरी दोन-तीन दिवस उभी राहिली की गाडी बसते, अशा तक्रारीत ही कामाला येते. चावी बंद ठेवून निगेटिव्ह वायर काढावी, मीटर अँपिअरवर लावून तो वायर आणि टर्मिनल यांच्यामध्ये जोडावा. या वेळी चावी फिरवू नये, नाहीतर मीटरचा फ्यूज उडतो. काही मोजके मिलिअँपिअर दिसणे साहजिक आहे. ५० मिलिअँपिअर दिसले तर दिवसाला १.२ अँपिअर-अवर गळते, म्हणजे ४ अँपिअर-अवरची भरलेली बॅटरी साडेतीन दिवसांत रिकामी. बाहेरून बसवलेला चोर-अलार्म, जीपीएस, मोबाइल चार्जर किंवा चावीला बगल देऊन जोडलेले जादा एलईडी दिवे यांपैकी कोणीतरी त्यात गुन्हेगार निघतोच. एकेक जोडणी सोडवत आकडा कधी पडतो ते पाहिले की तो सापडतो.

निदानानंतर उपचार. केवळ उतरलेली बॅटरी काढून तिच्या क्षमतेच्या दहाव्या हिश्शाने चार्ज करावी: ४ अँपिअर-अवरच्या बॅटरीला ०.४ अँपिअर, दहा-बारा तास. ट्रॅक्टरच्या बॅटरीसाठीचा मोठा चार्जर अर्ध्या तासात ती गरम करतो आणि पट्ट्या वाकवतो. चार्जिंगची जागा हवेशीर असावी, जवळ बिडी-काडी नसावी. बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि तो भडकतो. पाण्याच्या बॅटरीत पातळी खालच्या रेषेवर आली असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे. बोअरचे जड पाणी नको, आणि ॲसिड तर मुळीच नको, कारण उडून जाते ते पाणी. ॲसिड आतच असते. मेंटेनन्स-फ्री बॅटरीचे सील उचकटू नये. उतरलेल्या अवस्थेत बॅटरी आठवडेच्या आठवडे पडून राहिली तर पट्ट्यांवर सल्फेटचे कडक खडे धरतात आणि मग ती पूर्ण भरत नाही. म्हणून चार्जिंग ‘उद्या’वर ढकलू नये.

रस्त्यात अडल्यावर कार्बोरेटरची गाडी किकने किंवा दुसऱ्या गिअरमध्ये धक्का मारून सुरू होते. इंजेक्शनच्या गाडीचा पंप आणि ईसीयू चालायला बॅटरीत थोडी धुगधुगी लागते. ती पार मेली असेल तर धक्का मारून फक्त माणूस दमतो. दुसऱ्या मोटारसायकलच्या बॅटरीवरून वायर जोडावी, कारवरून जोडायची झाल्यास कारचे इंजिन बंद ठेवावे आणि दोन्हींचा दाब १२ व्होल्टच असल्याची खात्री करावी. ट्रॅक्टरच्या बाबतीतही तेच.

ग्राहकाला सांगण्यासारख्या सवयी थोड्याच आहेत. पहाटे किक असेल तर पहिली किकच मारावी. सेल्फ एका वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त मारू नये आणि दोन प्रयत्नांत दहा-पंधरा सेकंद थांबावे. गाडी रात्री ओसरीत किंवा भिंतीच्या आडोशाला लावावी. जवळच्याच फेऱ्या असतील तर आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास सलग चालवावी. धाराशिव ते तुळजापूर एक खेप पुरते. ऑइल गाडीच्या कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचेच घालावे. बॅटरीची खरी तपासणी मात्र ऑक्टोबरात, उन्हाळ्याचा मार मोजायला, थंडी पडण्याआधी करून घ्यावी.

बदलण्याची वेळ आलीच, तर नवी बॅटरी त्याच क्षमतेची घ्यावी, डब्यावरचा उत्पादनाचा महिना पाहावा, आणि बसवण्याआधी पूर्ण चार्ज करावी. जुनी भंगारवाल्याला देऊ नये, फोडू तर नयेच. आतले शिसे विहिरीत आणि पोरांच्या अंगात उतरते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर आहे. म्हणून जुनी बॅटरी नवी देणाऱ्या विक्रेत्याकडेच परत करावी, किमतीतही सूट मिळते.

गाडी परत देताना चार आकडे कागदावर लिहून द्यावेत: विश्रांतीतला दाब, सेल्फ मारतानाचा दाब, चार्जिंगचा दाब आणि गळतीचे मिलिअँपिअर. पुढच्या हिवाळ्यात तीच गाडी आली की तपासणी त्या कागदापासून सुरू करता येते.


काका