विस्तवावरचा फ्रीज : अनुभवाचे बोल

लोहारा तालुक्यातील आमच्या शेतवस्तीवर वीज पाळीपाळीने येते आणि वळवाच्या वाऱ्यात एकदा तार तुटली की ती केव्हा पूर्ववत होईल याचा अदमास कोणालाच लागत नाही. म्हणून वृद्ध मातोश्रींच्या इन्सुलिनकरिता स्वयंपाकाच्या गॅसवर चालणारा फ्रीज घेण्याची तजवीज आम्ही केली, आणि तो निर्णय मी आजही योग्यच मानतो. घोटाळा झाला तो बसवणीत. विक्रेत्याने पाठविलेल्या कारागिराने ते यंत्र भिंतीतील जुन्या कपाटाच्या जागी, तिन्ही बाजूंनी चपखल असे बसवून दिले. वर पत्र्याचे छप्पर. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपात सास्तूर परिसरातील दगडमातीची माळवदे कोसळून माणसे त्याखाली गेली, तेव्हापासून आमच्या मुलखात पत्र्याखाली निजणेच लोकांना निर्धास्त वाटते. मात्र माळवदाचा गारवाही त्यासोबतच गेला.

एप्रिल सरता सरता, औषध वेळच्या वेळी चालू असूनही मातोश्रींची साखर चढू लागली. मात्रा वाढविण्यापूर्वी डॉक्टरांनी कुपी कोठे ठेवता याची चौकशी केली, म्हणून फ्रीजमध्ये तापमापक ठेवून पाहिला, तो भर दुपारी पारा 19 अंशांवर! न उघडलेल्या इन्सुलिनला 2 ते 8 अंश सेल्सिअस तापमान लागते. बाहेर चाळीस अंशांचा उन्हाळा असता एकोणीस अंशांची हवाही हाताला थंडगारच भासते, आणि या भासानेच घरातील सर्वांची फसगत झाली होती.

विस्तवाने थंडी निर्माण होते ही गोष्ट प्रथमदर्शनी विपरीत वाटते, परंतु तिच्यामागील योजना अत्यंत सुंदर आहे. स्टॉकहोम येथे शिकत असताना बाल्ट्सार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन तरुणांनी 1922 साली ती सिद्ध केली. बंद नळ्यांत अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन कोंडलेले असतात. खालची ज्योत पाण्यात विरघळलेला अमोनिया वाफेच्या रूपाने मोकळा करते; ती वाफ वर चढून मागच्या पंखेदार नळीत आपली उष्णता हवेला देते आणि द्रवरूप होते; तो द्रव आतील नळीत हायड्रोजनच्या सान्निध्यात आला, की तेथे अमोनियाचा स्वतःचा दाब अल्प असल्याने अतिशय कमी तापमानातही त्याचे बाष्पीभवन होते, आणि त्यासाठी लागणारी उष्णता तो कप्प्यातील जिनसांतून ओढून घेतो. पुढे पाणी त्या अमोनियाला पुन्हा शोषून घेते व हायड्रोजन माघारी फिरतो. ना मोटार, ना पंप. ज्योतीची उष्णता आणि गुरुत्वाकर्षण यांच्यावरच सारा कारभार चालतो.

आता आमचे यंत्र का हरले हे उघड होते. पाठीमागची उष्णता निघून जाण्यास वाटच नव्हती. मी ते खोबणीतून काढवून उत्तरेकडील सावलीच्या खोलीत, भिंतीपासून वीतभर पुढे ठेवविले, खाली व वर झरोके पाडविले, आणि पत्र्याखाली तुराट्यांचे छत करविले. तरीही दुसऱ्या दिवशी पारा पुरता उतरेना. तेव्हा गवंड्याकडून पाणसळ मागवून कप्प्याच्या तळावर ठेवली, तर बुडबुडा एका अंगाला पळालेला. कारण फरशीला पाणी वाहून जाण्यापुरता उतार होता. जेथे द्रव केवळ आपल्या भारानेच वाहतो, तेथे एवढा तिरकसपणाही नळीत द्रव अडकवून ठेवतो. यंत्र तसेच फार काळ चालू राहिले तर खालचे पात्र बेसुमार तापते, गंज रोखण्यासाठी घातलेल्या क्षाराचे खडे नळीत बसतात आणि ते कायमचे निकामी होते. पायांखाली चिपा घालून पातळी साधली. रात्र उलटल्यावर पारा 6 वर आला.

असे यंत्र घेणाऱ्याने आत तापमापक ठेवण्यात हयगय करू नये, आणि सांज-सकाळ तो वाचावा. थंडीच्या रात्री कुपी गोठण्याचाही संभव असतो, आणि गोठलेले इन्सुलिन वापरू नये. ज्योत निळी व स्थिर हवी. ती पिवळी होऊन काजळी धरू लागली तर चिमणी व बर्नर जाणकाराकडून साफ करवून घ्यावेत, कारण अपुऱ्या ज्वलनातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो. निजण्याच्या खोलीत हा फ्रीज ठेवूच नये. स्वयंपाकाचा गॅस हवेहून जड असल्याने गळती जमिनीलगत साचते, म्हणून सिलिंडर तळघरात किंवा खड्ड्यात नको. वास आला तर कोणतेही बटण न दाबता रेग्युलेटर बंद करावा, दारे उघडावीत, आणि बाहेर येऊन 1906 या क्रमांकावर खबर द्यावी.

मागील नळीवर पिवळा डाग आणि नाकाला झोंबणारा अमोनियाचा दर्प आढळला, तर नळी फुटली असे समजून ज्योत तत्काळ विझवावी व खोली मोकळी करावी. अशी नळी गावातील वेल्डिंगच्या दुकानात सांधण्यास कदापि नेऊ नये. आत वातावरणाच्या कित्येक पट दाबाखाली ज्वालाग्राही हायड्रोजन भरलेला असतो.