कॅमेरा थांबत नाही, संगणक घाई करत नाही : सेन्सर ते यूएसबी, एका चित्राचा प्रवास

इयत्ता : ८ वी ते १० वी (विज्ञान छंद मंडळ, अटल टिंकरिंग लॅब)
वेळ : तीन तासिका
पूर्वज्ञान : गुणाकार, बिट आणि बाइट, साधं विद्युत परिपथ



"सर, वेबकॅम दुकानात तयार मिळतो, मग तो उघडून जोडत बसायचं कशाला?" हा प्रश्न मुलंही विचारतात आणि पालकही. उत्तर सोपं आहे. तयार वेबकॅम फक्त चित्र दाखवतो. ते चित्र कधी अडकतं, कधी फाटतं, त्याचं कारण मात्र सांगत नाही. ते कारण कळलं की आठवीतल्या मुलालाही गुणाकाराचा खरा उपयोग समजतो. आजच्या पाठाचा गाभा एका वाक्यात असा : सेन्सर कोणासाठी थांबत नाही आणि यूएसबीवर संगणकाने विचारल्याशिवाय कोणी बोलत नाही. या दोघांची गाठ घालून देणारा मध्यस्थ म्हणजे यूएसबी कंट्रोलर.

१. सेन्सर काय देतो?

आपण ओव्ही७६७० हा सेन्सर घेऊ. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा ऑनलाइन तो सहज मिळतो. त्याचं चित्र ६४० × ४८० ठिपक्यांचं, सेकंदाला ३० वेळा. छोट्या मॉड्यूलवर १८ पिना दिसतात. मुलं घाबरतात, पण गट पाडले की भीती जाते.

डी० ते डी७ या आठ पिनांवर एका वेळी एक बाइट येतो. पीक्लॉक म्हणजे ताल, प्रत्येक ठोक्याला नवा बाइट. एचरेफ सांगतो, "आत्ता ओळ चालू आहे." व्हीसिंक सांगतो, "आता नवं चित्र." प्रार्थनेच्या रांगा आठवा : घंटा झाली की व्हीसिंक, एक रांग चालू लागली की एचरेफ, आणि प्रत्येक पाऊल म्हणजे पीक्लॉक. एक्सक्लॉक ही सेन्सरला बाहेरून द्यायची घड्याळाची कळ, साधारण २४ मेगाहर्ट्झची. एसआयओसी आणि एसआयओडी या दोन तारांवरून आपण सेन्सरला सूचना देतो. उरलेल्या पिना वीज, ग्राउंड, रीसेट आणि पॉवर-डाउनच्या.

२. आधी गणित, मग तारा

फळ्यावर मांडा. एका ठिपक्याला २ बाइट.

६४० × ४८० × २ = ६,१४,४०० बाइट, हे एक चित्र.
त्याला ३० ने गुणा : सेकंदाला १,८४,३२,००० बाइट, म्हणजे सुमारे १८.४ मेगाबाइट.

यूएसबी २.० चा वेग ४८० मेगाबिट. आठने भागा, ६० मेगाबाइट. मुलं म्हणतील, "भरपूर जागा आहे!" इथे थांबवा. व्हिडिओसाठी जो वेळेचा कोटा राखून ठेवतात, त्यात एका खिडकीत जास्तीत जास्त ३०७२ बाइट जातात आणि सेकंदाला ८००० खिडक्या असतात. गुणाकार करा : सुमारे २४.६ मेगाबाइट. आपलं चित्र यात बसतं.

आता १२८० × ७२० घ्या : १२८० × ७२० × २ × ३० म्हणजे सुमारे ५५.३ मेगाबाइट. नाही बसत! म्हणूनच यूएसबी २.० वरचे एचडी वेबकॅम चित्र आधी दाबून लहान करतात आणि मग पाठवतात. हे उत्तर मुलांनी स्वतः काढलं पाहिजे, आपण सांगून टाकू नका.

३. लोकल आणि मालगाडी

यूएसबीवर माहिती पाठवायच्या दोन पद्धती इथे कामाच्या. पनवेलच्या मुलांना त्या समजावणं अवघड नाही. पनवेलहून सीएसएमटीला जाणारी लोकल वेळेला सुटते, तुम्ही चढा नाहीतर राहा. ही आयसोक्रोनस पद्धत : जागा राखीव, पण चुकलेला बाइट परत येत नाही. जेएनपीटीकडची मालगाडी बाजूला थांबते, मार्ग मोकळा झाला की निघते, पण माल पोचवते. ही बल्क पद्धत : चुकलं तर पुन्हा पाठवते, पण कधी पोचेल याची हमी नाही. शाळेतल्या प्रयोगाला बल्क सोपी पडते.

४. जोडणी

कंट्रोलर म्हणून एफएक्स२एलपी चिपचा बोर्ड घ्या. त्याच्या आत यूएसबीसाठी ४ किलोबाइटचं तात्पुरतं कोठार असतं.

डी० ते डी७ : कंट्रोलरच्या आठ डेटा पिनांना, क्रम न बदलता.
पीक्लॉक : आयएफक्लॉकला.
एचरेफ : लिहिण्याची परवानगी देणाऱ्या एसएलडब्ल्यूआर पिनेला. ही पिन मुळात उलट्या पातळीवर चालते, ती प्रोग्राममध्ये बदलून घ्यावी लागते.
व्हीसिंक : एका साध्या इनपुट पिनेला.
एक्सक्लॉक : कंट्रोलरच्या क्लॉकआउटमधून, २४ मेगाहर्ट्झवर ठेवून.
एसआयओसी, एसआयओडी : एससीएल आणि एसडीएला, पुल-अप रोधांसह.

वीज ३.३ व्होल्टच द्या, ५ नाही. जोडण्याआधी मल्टिमीटरने मोजायची सवय लावा. तारा बोटभर ठेवा, लांब तारांवर २४ मेगाहर्ट्झचा ताल बिघडतो. दोन्ही बोर्डांचा ग्राउंड एक करायला विसरू नका.

ते ४ किलोबाइटचं कोठार किती वेळ पुरतं? ओळ चालू असताना सेकंदाला २.४ कोटी बाइट येतात. ४०९६ ला भागा : सुमारे १७० मायक्रोसेकंद! संगणकाने तेवढा उशीर केला की पुढचे बाइट वाया. म्हणून सुरुवात ३२० × २४० च्या चित्राने आणि कमी वेगाने करावी.

५. कागदावरचा कॅमेरा (पहिल्या तासिकेची कृती)

बोर्ड नसेल तरी हा पाठ होतो. ८ × ८ चौकटींचं काळं-पांढरं चित्र काढा. एक मूल सेन्सर : टाळीच्या तालावर एकेक चौकट वाचतं, "काळा, पांढरा, पांढरा…" दुसरं मूल कंट्रोलर : चिठ्ठीवर लिहून समोरच्या चार वाट्यांत एकेक चिठ्ठी टाकतं. तिसरं मूल संगणक : "दे" म्हटल्यावरच वाट्या रिकाम्या करून घेतं आणि चित्र भरतं. सेन्सरला एकच नियम, थांबायचं नाही.

संगणकाला मुद्दाम दोनदा उशीर करायला सांगा. वाट्या भरतात, चिठ्ठ्या खाली पडतात आणि पुढचं सगळं चित्र सरकतं. मुलं हसतात, पण फाटलेलं चित्र त्यांना आयुष्यभर लक्षात राहतं. मग विचारा : वाट्या आठ केल्या तर? टाळी हळू केली तर? कमी चौकटींचं चित्र घेतलं तर? हेच तीन उपाय अभियंतेही वापरतात. पुढच्या पिढीच्या एफएक्स३ कंट्रोलरमध्ये ५१२ किलोबाइट स्मृती आणि यूएसबी ३.० चा वेग देऊन यातले पहिले दुखणे बरेच कमी केले आहे.

६. चित्र आलं नाही तर

सेन्सर सूचनांना उत्तरच देत नसेल, तर आधी एक्सक्लॉक तपासा. घड्याळाविना तो मुका असतो. चित्र तिरकं सरकत असेल तर बाइट गळत आहेत. रंग हिरवे-जांभळे दिसत असतील तर बाइटांचा क्रम उलटा झालाय. सेन्सरला रंगपट्ट्यांचं चाचणी-चित्र पाठवायला सांगता येतं. पट्ट्या नीट दिसल्या तर तारा बरोबर आहेत, दोष भिंगात किंवा उजेडात आहे. दोष कुठल्या टप्प्यात आहे हे असं शोधणं, हेच या पाठाचं खरं फलित.

पालकांसाठी एक विनंती : पहिलं चित्र बुद्धिबळाच्या पटाचं किंवा छापील कागदाचं घ्यायला सांगा. माणसाचं चित्र घ्यायचं तर आधी त्याला विचारायचं, हा धडाही याच वयात गिरवलेला बरा.

स्वाध्याय

१. ३२० × २४० चं चित्र सेकंदाला १५ वेळा पाठवायला किती बाइट लागतील?
२. १९२० × १०८०, सेकंदाला ३० चित्रं. यूएसबी २.० वर न दाबता जातील का? गणित मांडा.
३. डॉक्टरांना सोनोग्राफीची चित्रं साठवून पाठवायची आहेत, आणि एका आजीला नातवाशी व्हिडिओवर बोलायचं आहे. लोकल कोणाला, मालगाडी कोणाला? कारण लिहा.