लेनेपचे क्ष-किरण संग्रहालय : एक अभ्यासभेट

एक्स-रे, सोनोग्राफी, सी.टी. स्कॅन यांचे अहवाल हाती घेऊनच रुग्ण आज वैद्याकडे येतो. या साधनांचा उगम पाहावा, या हेतूने आम्ही जर्मनीतील रेमशाइड शहराच्या लेनेप या जुन्या भागातील राँटजेन संग्रहालयास भेट दिली. १९३२ साली सुरू झालेले हे संग्रहालय विल्हेल्म राँटजेन यांच्या जन्मगावी आहे.

शोध लागला तो मात्र व्युर्झबुर्ग येथे, ८ नोव्हेंबर १८९५ रोजी. काळ्या कागदाने झाकलेल्या नलिकेत विद्युत्प्रवाह सोडताच दूरचा रासायनिक लेप दिलेला पडदा उजळला. २२ डिसेंबरला राँटजेन यांनी पत्नीच्या हाताचे चित्र घेतले. त्यात अस्थी व बोटातील अंगठी स्पष्ट उमटली. या शोधाचे पेटंट त्यांनी घेतले नाही. औषधनिर्माते वाचकांनी हे अवश्य ध्यानी घ्यावे.

आम्ही सर्वाधिक वेळ थबकलो ते एका लाकडी पेटीपाशी. ही पेटी रुग्णालयातील नसून पादत्राणांच्या दुकानातील! नवा बूट घालून बालकाने पाय आत सरकवायचा आणि बालक, पालक व विक्रेता या तिघांनी वरच्या तीन झरोक्यांतून बोटांच्या अस्थी पाहायच्या. १९२० नंतरची काही दशके युरोप-अमेरिकेत ही यंत्रे दुकानोदुकानी होती. ग्राहक घटकाभर उभा राही. विक्रेता मात्र दिवसभर किरणांच्या सान्निध्यात असे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्याने १९५७ मध्ये त्यांवर प्रथम बंदी घातली. वस्तुतः धोका पूर्वीच कळला होता. एडिसन यांचे सहायक क्लॅरेन्स डॅली स्वतःच्या हातांवर किरण घेऊन नलिका पारखीत. कर्करोगामुळे त्यांचे हात कापावे लागले व १९०४ साली त्यांचा अंत झाला. एडिसन यांनी हे काम सोडले. तरीही पेट्या खपतच राहिल्या, कारण त्यांनी गिऱ्हाईक दुकानात येत असे.

ती यंत्रे पाहताना सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील प्रनष्टशल्यविज्ञानीय अध्यायाचे स्मरण झाले. त्वचेत दडलेले शल्य शोधण्यासाठी तेथे थिजलेले तूप, माती वा चंदनाचा लेप लावण्यास सांगितले आहे. शल्याच्या उष्म्याने जेथे तूप त्वरित पसरते अथवा लेप लवकर वाळतो, तेथे शल्य जाणावे. सिरा, धमनी, स्नायूंत शल्य असल्यास रुग्णास मोडक्या चाकाच्या गाडीत बसवून खाचखळग्यांच्या वाटेने न्यावे व वेदना कोठे उठते ते पाहावे. (आपल्याकडील रस्ते पाहता ही परीक्षा आजही सुलभ आहे.) न दिसणारे जाणण्याचीच ही धडपड होय, म्हणून क्ष-किरणांना परके मानण्याचे कारण आम्हांस दिसत नाही.

मात्र दर्शन, स्पर्शन व प्रश्न ही त्रिविध परीक्षा पूर्ण होण्याआधीच चित्र मागविण्याची रीत आम्हांस मान्य नाही. प्रत्येक चित्रागणिक शरीरास किरणांची मात्रा मिळते, सी.टी. स्कॅनमध्ये ती साध्या चित्राहून पुष्कळ अधिक असते. म्हणून रुग्णाकडील जुनी चित्रे प्रथम मागवून पाहावीत आणि स्त्रीरुग्णास चित्रासाठी पाठविण्यापूर्वी गर्भधारणेची शक्यता विचारून चिठ्ठीवर तशी नोंद करावी.