गड उतरताना गुडघे का दुखतात?

गड चढताना दम लागतो. गुडघे मात्र बहुधा उतरताना दुखतात. असे का व्हावे?

तरफेचा नियम आठवा. गुडघा हा टेकू समजू. एका पायावर भार घेऊन उतरताना तो गुडघा वाकून पुढे येतो आणि शरीराची भाररेषा त्याच्या मागून जाते. हे अंतर म्हणजे भारभुजा. मांडीचे पुढचे स्नायू गुडघ्याच्या वाटीमार्फत हा भार तोलतात; त्यांची बलभुजा जेमतेम ४ सेंमी. समजा, वजन ५० किलोग्रॅम आणि भारभुजा १० सेंमी आहे. मग ५० × १० ÷ ४ = १२५ किलोग्रॅम वजनाइतका ताण लागेल. पायरी उंच असली की गुडघा अधिक वाकतो. भारभुजा २० सेंमी झाली, तर ताण २५०! या ताणामुळेच वाटी मांडीच्या हाडावर दाबली जाते.

चढताना आपण पुढे झुकतो, त्यामुळे भाररेषा गुडघ्याजवळ येते. उतरताना अंग ताठ राहते, स्नायू ब्रेकचे काम करतात आणि पाऊल आपटल्याचा धक्का वेगळाच.

उपाय या गणितातच आहेत. पाठपिशवी हलकी ठेवा, म्हणजे भार घटेल. पावले लहान टाका, उतारावर नागमोडी चाला, म्हणजे भारभुजा घटेल. काठी टेका, म्हणजे थोडा भार हात घेतील. धावू नका, उड्या मारू नका. सहलीपूर्वी काही आठवडे जिने चढण्या-उतरण्याचा सराव करून स्नायू बळकट करा. गुडघा सुजला किंवा अडकू लागला, तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

कठडा धरून शाळेचा जिना सावकाश उतरा. दुसरा हात मांडीवर ठेवा. स्नायू केव्हा घट्ट होतो, ते तुम्हीच सांगा.