दुकानातील सेवकाच्या हाती शस्त्र

आमच्या एका वाचकांचे पत्र समोर आहे. ते मूळचे सांगली जिल्ह्यातील असून गलाईचा, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याचा, वडिलांपासून चालत आलेला व्यवसाय उत्तरेकडील एका शहरात करीत आहेत. खानापूर, आटपाडी या तालुक्यांतील कितीतरी कुटुंबे याच व्यवसायाच्या निमित्ताने भारतभर विखुरलेली आहेत, हे अनेक वाचकांस ठाऊक असेल. मार्च २०२५ मध्ये बिहारमधील आरा येथे एका मोठ्या सराफी पेढीवर भरदिवसा सशस्त्र दरोडा पडला. ती वार्ता वाचल्यापासून या गृहस्थांचे चित्त स्वस्थ नाही. त्यांच्यापाशी स्वतःच्या नावे परवाना असलेले पिस्तूल आहे. आपण कामानिमित्त बाहेर गेलो असता दुकानातील दोघा कामगारांपैकी एकाने ते जवळ बाळगून गल्ल्यापाशी बसावे, अशी त्यांची इच्छा. धाकटा कामगार आनंदाने तयार झाला. थोरला, जो एकोणीस वर्षे त्यांच्या भट्टीपुढे बसत आला आहे, म्हणाला, "मालक, भट्टीपुढं सांगाल तितका वेळ बसतो, पण ते हत्यार माझ्या हातात देऊ नका." या उत्तराने पत्रलेखकांस विषाद वाटला. ते विचारतात : गीता रणभूमीवर सांगितली गेली, तेव्हा सेवकाने शस्त्र धारण करून स्वामीच्या धनाचे रक्षण करावे, हे गीतेस संमत नाही काय? आणि थोरल्याचा नकार म्हणजे दुसऱ्या अध्यायाच्या तिसऱ्या श्लोकात भगवंतांनी निषेधिलेले क्लैब्यच नव्हे काय?

प्रथम एवढे स्पष्ट केले पाहिजे की, अंगावर चालून आलेल्या दरोडेखोराचे निवारण करणे हे पाप आहे, असे आपल्या शास्त्रांचे मत नाही. पहिल्या अध्यायाच्या छत्तिसाव्या श्लोकात अर्जुनाने कौरवांना 'आततायी' म्हटले आहे. हा शब्द मराठीत आणताना भाषांतरकारास थबकावे लागते. आपण मराठीत आततायी म्हणतो तो अविचारी, एकाएकी टोकास जाणाऱ्या मनुष्याला. संस्कृतात 'आतत' म्हणजे ताणलेले. धनुष्य ताणून जो अंगावर येतो तो आततायी. स्मृतिकारांनी त्याचे सहा प्रकार सांगितले आहेत : आग लावणारा, विष घालणारा, वधासाठी शस्त्र उगारणारा, धन लुटणारा, भूमी हरण करणारा आणि स्त्री पळविणारा. शस्त्र घेऊन पेढीत शिरलेला दरोडेखोर या सहांपैकी दोन लक्षणांत एकदमच बसतो. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात (श्लोक ३४८ ते ३५१) प्रसंगविशेषी तिन्ही द्विज वर्णांस शस्त्र हाती घेण्याची मुभा दिली असून अशा आततायीच्या वधाने दोष लागत नाही, असे सांगितले आहे. वैश्याने शस्त्रास स्पर्शही करू नये, असा अर्थ अठराव्या अध्यायातील वर्णकर्मांवरून कोणी काढील, तर तो या वचनापुढे टिकणार नाही.

परंतु टीकाकार एवढ्यावर थांबले नाहीत. श्रीधरस्वामी याच श्लोकावर लिहिताना याज्ञवल्क्यांचा निर्णय पुढे करतात, की आततायीच्या वधाची अनुज्ञा ही अर्थशास्त्रातील आहे, आणि अर्थशास्त्राहून धर्मशास्त्र बलवत्तर होय. चालुक्यांच्या कल्याणी नगरीत मिताक्षरा लिहिणारे विज्ञानेश्वर याज्ञवल्क्यांच्या त्याच वचनावर फार बारकाईने विचार करतात. त्यांच्या विवेचनाचा आशय असा : स्वतःच्या किंवा इतरांच्या रक्षणासाठी, मारण्याचा हेतू न धरता, ब्राह्मणादी आततायींचे निवारण करीत असता चुकून मृत्यू घडला, तर प्रायश्चित्त अल्प आणि राजदंड नाही. यातील 'मारण्याचा हेतू न धरता' हा भाग आजच्या आपल्या प्रश्नाच्या मुळाशी आहे. काठीने, ढालीने किंवा दार लोटून निवारण करता येते. पिस्तुलाने निवारण आणि वध यांत अंतर ठेवावयाचे, तर वर्षानुवर्षांचा सराव लागतो.

मग प्रश्न उरतो तो हा. प्रसंग ओढवला असता मनुष्याने स्वतःचा जीव वाचवावा किंवा नाही, हे पत्रलेखकांनी विचारलेलेच नाही. प्रसंग येण्यापूर्वी, शांत चित्ताने, आपल्या धनाच्या रक्षणासाठी दुसऱ्याच्या हाती प्राणघातक शस्त्र द्यावे काय, हे त्यांनी विचारले आहे. अशा आरंभाची पारख करावयाची कसोटी भगवंतांनी अठराव्या अध्यायाच्या पंचविसाव्या श्लोकात दिली आहे. मोहाने, चार गोष्टींकडे न पाहता जे कर्म आरंभिले जाते, ते तामस होय. त्या गोष्टी म्हणजे अनुबंध, क्षय, हिंसा आणि पौरुष. येथे पौरुष याचा अर्थ मर्दुमकी असा घेऊ नये. भगवान शंकराचार्यांनी त्याचा अर्थ 'हे कर्म शेवटास नेण्याचे माझ्यात सामर्थ्य आहे काय' असा लावला आहे. ज्या शब्दाने आपण एखाद्यास चिथावणी देतो, तोच शब्द गीता आपली कुवत तपासण्यासाठी वापरते, हे मला फार मोलाचे वाटते.

गलाईचे दुकान ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हा विचार लगेच पटेल. दहा बाय बाराची खोली. तीत पेटलेली भट्टी, गॅसची टाकी, मुशी, तेजाबाच्या बरण्या. समोर फळीवर जुने दागिने घेऊन आलेले दोन-तीन सराफ, कधी एखादी म्हातारी आपल्या बांगड्या गाळून घ्यावयास बसलेली. दरोडेखोर येतात ते तोंड बांधून, तिघे-चौघे मिळून, आणि शस्त्र आधीच बाहेर काढून. धाकट्या कामगाराने आपले पिस्तूल कमरेतून काढून, त्याचा खटका सोडून, नेम धरेपर्यंत काय काय घडेल, याचे चित्र पत्रलेखकांनी एकदा डोळ्यांपुढे आणावे. बहुधा ते पिस्तूल दरोडेखोराच्याच हाती जाईल. गेले नाही, आणि गोळी सुटली, तर ती त्या खोलीत कोठे जाऊन लागेल? टाकीस? त्या म्हातारीस? जन्मभर शस्त्राभ्यास केलेल्या अर्जुनाच्या हातूनही गांडीव गळून पडू लागले होते. त्याचे कारण भय नव्हते, स्वजनांविषयीची करुणा व मोह होता, हे मी जाणतो. तरीही हात आणि मन यांची सांगड ऐन वेळी कशी सुटते, हे तेथे दिसतेच. मग ज्याने आजवर चिमटा आणि मूस यांखेरीज काही धरले नाही, त्या मुलाच्या हाताची काय कथा!

तो मुलगा आनंदाने तयार झाला, ही गोष्ट पत्रलेखकांना समाधानाची वाटली. मला तीच चिंतेची वाटते. पिस्तूल कमरेला असलेल्या वीस-बावीस वर्षांच्या तरुणास दरोडेखोर आयुष्यात एकदाही भेटणार नाही, असाच अधिक संभव. त्याला रोज भेटेल तो भाव ठरविताना हुज्जत घालणारा गिऱ्हाईक, शेजारच्या दुकानातील टोमणे मारणारा पोरगा, घट जास्त निघाली म्हणून अंगावर ओरडणारा सराफ. तेव्हा तो हात कमरेकडे जाणार नाही, असे कोण सांगू शकेल? संस्कृतातील आततायी अडविण्यासाठी दिलेल्या शस्त्राने आपल्याच दुकानात मराठीतला आततायी तयार व्हावयाचा.

क्षयाविषयी फार लिहावयास नको. शस्त्र, त्याचा दारूगोळा, सराव, हे सारे खर्चाचे आहे, आणि त्याहून मोठा क्षय गिऱ्हाइकाच्या विश्वासाचा आहे. अनुबंधाकडे मात्र थोडे अधिक पाहिले पाहिजे. शंकराचार्य अनुबंध म्हणजे कर्मामागून येणारे फळ असे सांगतात. आज त्यात कायदाही येतो. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्यावाचून कोणासही अग्निशस्त्र जवळ बाळगता येत नाही. पत्रलेखकांचा परवाना त्यांच्या स्वतःच्या नावे आहे. दुसऱ्याने ते शस्त्र त्यांच्या लेखी अनुमतीने न्यावयाची जी थोडी सवलत कायद्यात आहे, ती दुरुस्ती, परवान्याचे नूतनीकरण किंवा परवानाधारकाच्या स्वतःच्या वापरापुरती आहे; दुकानाच्या पहाऱ्यासाठी नाही. तेव्हा कमरेला पिस्तूल लावून बसलेला कामगार गोळी न झाडताही अपराधी, आणि देणारे मालकही अपराधी. २०१९ च्या दुरुस्तीने निष्काळजीपणे अग्निशस्त्र चालवून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत.

कोणी म्हणेल, स्वसंरक्षणाचा हक्क तर कायद्याने दिलेलाच आहे. खरे आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात असलेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ याच विषयाची आहेत, आणि आपल्या तसेच दुसऱ्याच्या मालमत्तेचे रक्षणही त्यांत येते. दरोड्याच्या प्रसंगी हा हक्क हल्लेखोराच्या मृत्यूपर्यंतही पोहोचू शकतो. पण बचावास आवश्यक तेवढ्याहून अधिक इजा करता कामा नये, ही मर्यादाही तेथेच घातलेली आहे. ती मर्यादा पाळली गेली किंवा नाही, हे नंतर न्यायालयात, वर्षानुवर्षे तारखा पडत असता, तपासले जाते. त्या तारखांना मालक हजर राहतील; पण साक्षीदारांच्या पिंजऱ्यासमोर आरोपी म्हणून उभा राहील तो कामगार. निर्दोष सुटला, तरी आपल्या हातून मनुष्य मेला, हे ओझे घेऊन तो गावी परतेल. त्याची आई पत्रलेखकांना विचारील, 'मी त्याला भट्टीचे काम शिकावयास तुमच्याकडे पाठविले होते ना?' या प्रश्नाचे उत्तर आज, शस्त्र देण्यापूर्वी, शोधावे.

यावर असे विचारता येईल की, मग बँकेच्या दारात दुनळी घेऊन उभा असलेला पहारेकरीही चुकतो काय? मुळीच नाही. तो बहुधा माजी सैनिक असतो. शस्त्र हे त्याचे शिकलेले कर्म. त्याचा परवाना, त्याचा सराव, त्याची जागा, सारे त्या कर्माला अनुरूप असते, आणि तेथे उभे राहण्याचेच वेतन तो घेतो. अठराव्या अध्यायात भगवंतांनी शौर्य आणि युद्धातून न पळणे ही क्षात्रकर्मे सांगून लगेच पुढच्या श्लोकात वाणिज्य वेगळे सांगितले आहे. हा विभाग जन्माने मानावा किंवा गुणकर्माने, त्यावर मतभेद असोत. ज्याने जे कर्म अंगी बाणविले नाही, त्यावर ते ऐन संकटात लादू नये, याविषयी मतभेदास जागा नाही. पत्रलेखकांस सशस्त्र पहारा हवाच असेल, तर त्यांच्या बाजारातील पाच-दहा दुकानदारांनी मिळून असा शिकलेला, परवानाधारक मनुष्य गल्लीच्या तोंडाशी नेमावा. खाजगी सुरक्षा संस्थांसाठी २००५ चा स्वतंत्र कायदा आहे. नोंदणी असलेल्या संस्थेकडूनच तो घ्यावा.

आता थोरल्या कामगाराविषयी. भगवंतांनी अर्जुनास क्लैब्य टाकावयास सांगितले, तेव्हा अर्जुन आपले शिकलेले, स्वीकारलेले आणि त्या क्षणी समोर येऊन ठाकलेले कर्म सोडू पाहत होता. हा कामगार काय सोडतो आहे? भट्टी त्याने सोडलेली नाही. दुकान सोडण्याची भाषाही त्याने केलेली नाही. तेजाबाच्या धुरात एकोणीस वर्षे बसणे हे भित्र्याचे काम नव्हे. आपल्या हातास काय पेलते आणि काय पेलत नाही, एवढेच त्याने सांगितले. मालकाच्या तोंडावर असे सांगावयास धैर्य लागते. पंचविसाव्या श्लोकातील पौरुष त्याने तपासून पाहिले, आणि ते करताना त्याने तो श्लोक कधी वाचलाही नसेल. माझ्या मते या व्यवहारात गीतेच्या अधिक जवळ तोच आहे.

महाभारताच्या शांतिपर्वात काशीच्या तुलाधार नावाच्या वैश्याची कथा आहे. ज्याच्या जटांत पक्ष्यांनी घरटे केले, तरी जो हलला नाही, असा जाजली मुनी आपल्या तपाच्या गर्वाने फुगला असता, त्यास या दुकानदाराकडे धर्म शिकावयास जावे लागले. तुलाधाराने त्याला सांगितले त्यातील मुख्य गोष्ट अभय ही होती : आपल्यापासून कोणासही भय वाटू नये, आणि आपला तराजू सर्वांस सारखा असावा. दुकान हे मूळचे असे स्थान आहे, जेथे अनोळखी मनुष्य आपले धन उघडे करून बसतो. सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीची गणना अभयापासूनच सुरू होते.

पत्रलेखकांनी पुढीलप्रमाणे करावे, असे सुचवितो. पिस्तूल परवान्याच्या अटींप्रमाणे स्वतःपाशी किंवा कुलपात ठेवावे. कामगारांच्या हाती देऊ नये. सोने रात्री दुकानात ठेवू नये, आणि दिवसाही गरजेपुरतेच बाहेर असावे. दारास आतून विजेने उघडणारी जाळी, कॅमेरा आणि पोलीस ठाण्याशी जोडलेली घंटा बसवावी. सराफांसाठी 'ज्वेलर्स ब्लॉक' नावाचा विमा मिळतो, त्याची चौकशी करावी. आणि दोघाही कामगारांस समोर बसवून स्पष्ट शब्दांत सांगावे की, शस्त्र घेऊन कोणी आले तर हात वर करावे, मागेल ते देऊन टाकावे, त्याबद्दल एका पैशाचाही जाब विचारला जाणार नाही. हे शेवटचे वाक्य उच्चारणे पत्रलेखकांस पिस्तूल विकत घेण्याहून जड जाईल, याची मला कल्पना आहे. ते सांगताना थोरल्यास आधी बोलवावे, आणि त्याच्या उत्तराचा आपणास जो विषाद वाटला, तोही त्याच्यापाशी बोलून टाकावा.