ब्लॅक माउंटन कॉलेज : विद्यार्थी-अनुभवाचे वाचन

अमेरिकेतील उत्तर कॅरोलिना राज्यातील ब्लॅक माउंटन कॉलेज (१९३३–१९५७) हे कला व मानव्यविद्यांचे लहान निवासी महाविद्यालय होते. तेथे विद्यार्थी शेतात राबत, इमारतीच्या बांधकामालाही हातभार लावत. या सहजीवनाकडे सामान्यतः स्वातंत्र्याचा अनुभव म्हणून पाहिले जाते. परंतु तो सर्वांच्या बाबतीत एकसारखा नव्हता. जपानी वंशाच्या रुथ असावा युद्धकाळात छावणीत स्थानबद्ध होत्या. पुढे वांशिक पूर्वग्रहामुळे त्यांचे अध्यापक-प्रशिक्षण अपुरे राहिले. १९४६ मध्ये त्या येथे दाखल झाल्या. त्यांच्या दृष्टीने हा प्रवेश म्हणजे नियमांतून सुटका नव्हे, तर नाकारल्या गेलेल्या शिक्षणाची पुनःप्राप्ती होती, असे म्हणता येईल. म्हणूनच महाविद्यालयीन जीवनाची आत्मकथने अभ्यासताना ‘तेथे काय शिकवले?’ या प्रश्नाआधी ‘तेथे कोण, कोठून आले?’ हा प्रश्न विचारणे अगत्याचे ठरते.