विकत घेतलेला फुटपाथ

न्यूयॉर्कच्या थँक्सगिव्हिंग परेडला तिकीट नसतं. मेसीज हे तिथलं जुनं, मोठं दुकान १९२४ पासून ही परेड काढतं आणि रस्त्याकडेला उभं राहून ती बघायला एक सेंटही पडत नाही. सेंट्रल पार्क वेस्टवर बाकांच्या रांगा मांडलेल्या दिसतात, पण त्या कर्मचाऱ्यांसाठी आणि निमंत्रितांसाठी असतात, विक्रीसाठी नाही. एवढी साधी गोष्ट न्यू जर्सीतल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपांवर दर ऑक्टोबरात कुणीतरी ठळक अक्षरांत टाकायला हवी. कारण त्याच सुमाराला त्याच ग्रुपांवर ‘पुढच्या रांगेतल्या राखीव जागा’ विकायला निघतात.

प्रस्तुत लेखिकेच्या घरच्यांनी अशा जागा घेतल्या होत्या. माणशी दीडशे डॉलर. आयोजक परका नव्हता. गणपतीत, दिवाळीच्या कार्यक्रमात भेटणारा, “ताई, आपल्या माणसांसाठीच करतोय हो,” असं म्हणणारा. सांगलीहून आलेल्या आई-वडिलांना न्यायचं म्हणून लेखिकेने सगळं आधी विचारून घेतलं होतं, तेही लेखी. बसायला मिळेल का? स्वच्छतागृह किती लांब? परेडमधले मोठे फुगे नक्की दिसतील ना? प्रत्येक प्रश्नाला उत्तर एकच, ‘हो, काळजी नको’. ते सगळे मेसेज तिच्याकडे अजून आहेत.

थँक्सगिव्हिंग म्हणजे नोव्हेंबरातला चौथा गुरुवार. त्या दिवशी सकाळी आयोजकाने सगळ्यांना सिक्स्थ ॲव्हेन्यूपर्यंत चालवत नेलं आणि पोलिसांच्या कठड्यांपासून बऱ्याच मागे, गर्दीच्या शेपटाशी उभं केलं. “आपला सेक्शन पुढे आहे, आत्ता सोडतील.” अर्धा तास गेला. कुणी सोडेना. शेवटी लेखिकेचे वडील स्वतःच पुढे झाले. आयुष्यभर सरकारी नोकरी केलेला माणूस. त्यांनी खिशातून पावतीची प्रिंट काढली आणि बंदोबस्तावरच्या पोलिसाला दाखवून राखीव जागा कुठे आहे ते विचारलं. पोलिसाने पावती वाचली, उलटून पाहिली आणि शांतपणे परत दिली. या फुटपाथवर काहीही राखीव नाही, आधी आला त्याची जागा, असं तो म्हणाला.

पावतीची घडी घालून ती खिशात ठेवताना वडिलांचा चेहरा जसा झाला, त्याची भरपाई कुठल्याही रिफंडने होणार नाही.

आयोजक चार पावलांवर फोनमध्ये डोकं घालून उभा होता. विचारल्यावर म्हणाला, “काका, इथे असंच असतं, जरा ॲडजस्ट करा.” त्यानंतर जे दिसलं ते अधिक झोंबणारं होतं. त्याची बायको, मुलं आणि मेहुणा कठड्याला टेकून अगदी पुढे उभे होते. अंगावर ब्लँकेटं, हातात थर्मास. ते पहाटे अंधारात येऊन उभे राहिले होते. म्हणजे पुढची जागा कशी मिळते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. ते त्याने घरच्यांना फुकट सांगितलं आणि इतरांना ‘सेक्शन’ विकला.

मागून काय दिसतं? फुगे दिसतात. १९६८ पासून परेडमध्ये येणारा स्नूपीचा फुगा डोक्यांच्या वरून गेला, तो सगळ्यांनी पाहिला. पण शाळा-कॉलेजांची बँडपथकं आणि चित्ररथ जमिनीवरून जातात. लेखिकेच्या आईने ढोल ऐकले आणि समोरच्या माणसांचे कोट पाहिले. वडिलांना दोन तास लघवी रोखून धरावी लागली, कारण मार्गावर प्रेक्षकांसाठी स्वच्छतागृहाची सोय नसते आणि गर्दीतून बाहेर पडलं की परत त्याच जागी येता येत नाही.

फुग्यांची हमीही खोटीच होती. ती मेसीजसुद्धा देऊ शकत नाही. १९९७ साली जोराच्या वाऱ्यात ‘कॅट इन द हॅट’चा फुगा दिव्याच्या खांबावर आदळला, खांबाचा तुकडा खाली पडला आणि डोक्याला मार लागलेली एक प्रेक्षक स्त्री काही आठवडे कोमात होती. त्यानंतर शहराने नियम कडक केले. वाऱ्याचा सलग वेग ताशी २३ मैलांच्या आणि झोत ३४ मैलांच्या वर गेले, तर मोठे फुगे उडवले जात नाहीत. १९७१ मध्ये तर वाऱ्यामुळे फुगे निघालेच नव्हते. ‘नक्की दिसतील’ असं लिहून देणाऱ्याने यातलं काहीच वाचलं नव्हतं, किंवा वाचून दडवलं होतं.

तेव्हा पैसे मोजायचेच असतील, तर ते छपराखालच्या जागेचे मोजावेत. मार्गावरची काही हॉटेलं आणि रेस्टॉरंटं त्या सकाळी खिडकीजवळच्या जागा विकतात. त्या थेट त्यांच्याकडूनच घ्याव्यात, मधल्या माणसाकडून नको. मजला कितवा, खिडकी परेडच्या रस्त्यावर उघडते की बाजूच्या गल्लीत, टेबल खिडकीला लागून आहे की तिसऱ्या रांगेत, हे ईमेलवर मागावं. पैसे क्रेडिट कार्डाने द्यावेत. झेल या पैसे पाठवण्याच्या सेवेने दिलेली रक्कम परत मिळवणं फार अवघड. लेखिकेने परतफेड मागितली तेव्हा आधी ‘बघतो’, मग ‘पॉलिसी नाही’ असं उत्तर आलं आणि नंतर तिला ग्रुपमधूनच काढून टाकण्यात आलं.

रस्त्यावर उभं राहायचं तर सकाळी सहाच्या आत पोहोचावं. परेड ७७व्या रस्त्यापासून सेंट्रल पार्क वेस्टने खाली येते, कोलंबस सर्कलपाशी वळते आणि सिक्स्थ ॲव्हेन्यूने ३४व्या रस्त्यावर मेसीजच्या दारात संपते. हे अंतर सुमारे अडीच मैल. सेंट्रल पार्क वेस्टची पश्चिमेकडची बाजू, साधारण ६१ ते ७५व्या रस्त्यांच्या मधली, चांगली. सिक्स्थ ॲव्हेन्यूवर ५९ ते ३८. त्याच्या खाली टीव्हीवाल्यांचं राज्य असतं, तिथे जाऊ नये. गायक-नर्तकांचे टीव्हीवर दिसणारे कार्यक्रम मेसीजच्या समोरच होतात. बाकी मार्गावर कलाकार चित्ररथावरून हात हलवत जातात, एवढंच. ज्यांना गाणी ऐकायची आहेत त्यांनी घरी टीव्ही लावावा.

गरम कपडे, पाणी, खाऊ, चार्ज केलेला फोन हे सगळे सांगतातच. २०१८ मध्ये पारा शून्याखाली होता आणि २०२४ मध्ये पाऊस, त्यामुळे ते सांगणं खोटं नाही. पण ज्येष्ठांना जास्त गरज बसण्याची आणि स्वच्छतागृहाची असते आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही.

आई-वडिलांना, सासू-सासऱ्यांना फुगेच दाखवायचे असतील, तर आदल्या दिवशी, बुधवारी न्यावं. नॅचरल हिस्ट्री म्युझियमच्या दोन्ही अंगांना, ७७ आणि ८१व्या रस्त्यांवर, जाळ्यांखाली फुग्यांमध्ये हेलियम भरतात. दुपारपासून संध्याकाळी सहापर्यंत ते लोकांना बघता येतं, अगदी जवळून, चालता चालता आणि फुकट. गेली काही वर्षं प्रवेश ७२वा रस्ता आणि कोलंबस ॲव्हेन्यूच्या कोपऱ्यावरून असतो. काम संपून ऑफिसं सुटली की रांग वाढते, म्हणून दुपारी लवकर जावं आणि निघण्याआधी त्या वर्षीच्या वेळा मेसीजच्या जाहीर सूचनेत पाहून घ्याव्यात.